पाच दिवसांची पट्टी

आज मी दोन्ही पायांवर चालतो, याचं ऋण सर्वात जास्त कोणाचं असेल तर ते मनीषा वहिनींचं. मनीषा वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. अंबरनाथच्या एका नर्सिंग होममध्ये त्या मावशी म्हणून काम करतात. पेशंटना पुसणं, चादरी बदलणं, बेडपॅन देणं हे त्यांचं काम. शिक्षण नववी. मी बी.एस्सी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात कोणाला काय कळलं आणि कोणाला कळलं नाही, हे त्याशिवाय नीट समजणार नाही.

गुडघ्याजवळचं हाड मोडलेल्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी मी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं माझ्याकडे नाहीत. मला काय झालं, मी कुठे चुकलो आणि किती घाबरलो, एवढंच माझ्याकडे आहे.

कॅम्प दोन

शनिवार होता. कारखान्याला सुट्टी होती. मी अंबरनाथला एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. आईने पडद्याचं कापड आणायला उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये पाठवलं होतं. दुकानाच्या ओट्याला टेकून मी कापडाचा नमुना उजेडात धरून बघत होतो. गल्लीत एक टेम्पो मागे येत होता आणि एक माणूस हाताने खूण करत ओरडत होता, "आने दे, आने दे, अभी जगह है."

जागा नव्हती. तिथे मी होतो.

टेम्पोचा मागचा भाग माझ्या उजव्या गुडघ्यावर आला आणि मागे ओट्याचा दगड होता. आवाज फार मोठा झाला नाही. मला तो कानापेक्षा दातांत जास्त जाणवला. मी खाली बसलो. पाय माझ्याबरोबर नीट खाली आला नाही, थोडा बाजूला राहिला.

"मोच होगी, सीधा कर दो," म्हणत कोणीतरी माझी टाच धरली. दुकानाचे मालक, एक म्हातारे सिंधी गृहस्थ, गल्ल्यावरून उठून जवळजवळ धावतच आले. "हाथ मत लगा! पागल है क्या? बेटा, तू हिलना मत." त्यांनी कापडाचे तागे ठेवायची एक फळी काढली, शेजारच्या लस्सीवाल्याकडून बर्फ आणवला आणि मला फळीसकट त्याच टेम्पोत ठेवलं, ज्याने मला चिरडलं होतं. दुसरं वाहन त्या गल्लीत शिरूच शकत नव्हतं. टेम्पोवाला वाटभर रडत होता, "भैया, मैंने देखा नहीं, कसम से नहीं देखा." मी त्याला म्हणत होतो, "आप आगे देखो, आगे."

एक्स-रे

हॉस्पिटलमध्ये पायाला मागून अर्धं प्लास्टर लावलं आणि एक्स-रे काढला. तोपर्यंत आबा, आई आणि दादा बदलापूरहून येऊन पोचले. वहिनी ड्यूटीवर होत्या.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. "मांडीचं हाड खालच्या हाडाच्या या सपाट भागावर बसतं. स्वयंपाकघराचा ओटा समजा. तुमचा ओटा तडकलाय आणि एका बाजूने खाली बसलाय."

"ऑपरेशन?" दादाने विचारलं.

"लागेल. पण आज लगेच नाही. आज सूज किती वाढते ते बघायचं आणि पायाचं रक्त नीट फिरतंय ना, ते तासातासाला तपासायचं. म्हणून अॅडमिट व्हा. सूज उतरली की प्लेट."

"पूर्वीसारखं होईल ना?" मी विचारलं.

"चालाल. मांडी घालून बसाल की नाही, ते आज सांगत नाही."

डॉक्टर बाहेर गेले आणि मला थंडी वाजायला लागली. मे महिना होता. बदलापूरला शिरगावात आमच्या बिल्डिंगमध्ये वामनकाका म्हणून आहेत. त्यांच्या पायात प्लेट टाकली, तिथे पू झाला, दोन वर्षं जखम वाहत राहिली. जिन्यात त्यांच्या पायाचा वास यायचा. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही येईना.

आबा म्हणाले, "कापाकापी नको. माझं मनगट वैद्यबुवानं बसवलं, आज बारा वर्षं झाली, पोतं उचलतो मी."

दादा म्हणाला, "आबा, मनगट वेगळं. डॉक्टर काय बोलले ऐकलंत ना?"

आबा माझ्याकडे वळले. "तू शिकलेला हायेस. तू सांग. तू बोलशील तसं करू."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं, डॉक्टरांचं बरोबर आहे. हाडाचा चित्रासारखा स्पष्ट फोटो मी नुकताच पाहिला होता. तरी मी म्हणालो, "वैद्यांकडे जाऊ."

भीती वाटत होती, दुसरं कारण नव्हतं. आणि आबांनी आधी वैद्यांचं नाव काढल्यामुळे माझ्या भीतीला आडोसा मिळाला होता. स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याच्या फॉर्मवर मी इंग्रजीत, वळणदार सही केली. त्या फॉर्मवर काय लिहिलंय, हे आमच्या चौघांत फक्त मला नीट वाचता येत होतं.

वैद्यबुवा

बदलापूरच्या पुढे एका गावात वैद्यबुवांचं घर आहे. अंगणात पाचसहा जण हात-पाय बांधून घ्यायला बसलेले होते. बुवांनी डोळे मिटून माझा पाय चाचपला आणि म्हणाले, "हाड सरकलंय. बसवतो." दोघांनी मला खांद्याला धरलं. हॉस्पिटलचं प्लास्टर त्यांनी सोडून बाजूला ठेवलं. पाय ओढला. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण अंगणातली एक बाई आपल्या मुलाला घेऊन बाहेर गेली, एवढं आठवतं.

मग पाल्याचा लेप, त्यावर कापूस, त्यावर बांबूच्या कामट्या, आणि मांडीपासून घोट्यापर्यंत पांढऱ्या कापडाची लांब पट्टी. घट्ट. वर तीन गाठी.

"पाच दिवस," बुवा म्हणाले. "कोणी हात लावायचा नाही. दुखेल. दुखतंय म्हणजे जुळतंय. मध्ये सोडली तर गुण जातो, मग माझ्याकडे आणू नका."

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. वैद्याची गाठ वैद्यच सोडतो. मी आजही बुवांना वाईट म्हणणार नाही. त्यांच्या हातांनी आमच्या भागातली कितीतरी मनगटं आणि खांदे बसवलेत. पण ताज्या सुजेवर घट्ट पट्टी बांधली की आत काय होतं, ते त्यांच्या हातांना कळलं नाही. मला पुस्तकातून कळायला हवं होतं. मलाही कळलं नाही.

रविवार

घरी आल्यावर संध्याकाळी ठणका लागला. रविवारी सकाळी तो वेगळाच झाला. आता मोडलेल्या जागेपेक्षा नडगी आणि पोटरी दुखत होती. आतून कोणी हवा भरत असावं तशी पोटरी पट्टीच्या आत फुगत होती, आणि फुगायला जागा नव्हती. अंगठ्याला मुंग्या आल्या. मग अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधली जागा बधिर झाली. गोळी घेऊन काही फरक पडेना.

आई कपाळावरून हात फिरवत म्हणायची, "जुळतंय रे बाळा, म्हणून दुखतंय." मीही तेच म्हणायला लागलो. जुळतंय, जुळतंय. ते म्हणताना मला रडू येत होतं.

तीन वाजता वहिनी शनिवारपासूनची सलग ड्यूटी संपवून आल्या. साडीला फिनाईलचा वास. घरात येणारा प्रत्येक जण माझ्या उशाशी बसत होता. वहिनी पायाशी उभ्या राहिल्या.

"भाऊजी, अंगठा हलवा."

"हलवतोय ना."

"नाही हलत."

त्यांनी माझं नख दाबलं, सोडलं आणि बघत राहिल्या. पांढरं झालेलं नख लवकर गुलाबी होईना. मग त्यांनी अंगठा धरून हळूच वर उचलला. मी असा किंचाळलो की समोरच्या घरातले लोक दारात आले.

"ही पट्टी काढायची. आत्ताच्या आत्ता."

"कोन काढतो तेच बघतो," आबा म्हणाले. "पाच दिवस म्हंजे पाच दिवस."

"आबा, आमच्याकडे एक बाई अशीच आली होती. प्लास्टर आवळलं होतं. डॉक्टरांनी आधी ते फाडलं, मग तिचं नाव विचारलं."

"तू काय डॉक्टरीन लागलीस?"

आणि मग मी बोललो. दुखत होतं, हे कारण मी देणार नाही. गाठ सुटली की आता थेट ऑपरेशन, या भीतीने मी बोललो. "वहिनी, तिकडे तुम्ही बेडपॅन उचलता. मला शिकवू नका."

वहिनी म्हणाल्या, "उचलते ना. रोज पन्नास पाय बघते मी, भाऊजी." मग दादाला म्हणाल्या, "अहो, आबांना धरा."

माझा भाऊ चाळीस वर्षांचा आहे. त्याने आबांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. तो उठला आणि आबा व पलंग यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. धरलं नाही, नुसता उभा राहिला.

वहिनींनी शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. ती बोथट होती, दोन थरांच्या वर जाईना. त्या घोट्यापासून थोडं थोडं कापत वर आल्या. एका हाताने खालून पाय धरून ठेवायला त्यांनी आईला बसवलं होतं. "आई, हलवू नका. नुसता धरा." कामट्या एकेक करून फरशीवर पडल्या.

दादाच्या खांद्यावरून आबा म्हणाले, "पाय वाकडा झाला तर तुझ्या माथी. ध्यानात ठेव."

"माझ्या माथी," वहिनी म्हणाल्या आणि कापत राहिल्या.

पट्टी सुटली. खाली कातडी चकचकीत झाली होती, पाण्याने भरलेले फोड आले होते. पोटरी बोटाने दाबली तरी दबत नव्हती, लाकडासारखी लागत होती. कळ थोडी कमी झाली, पण गेली नाही. आणि ते कळल्यावर वहिनींचा चेहरा बदलला. तोपर्यंत मला वाटत होतं, घरात एक माणूस तरी घाबरलेलं नाही. आता तेही राहिलं नाही.

त्यांनी आपल्या नर्सिंग होमच्या अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला फोन केला. "दादा, माझ्या घरचंच आहे, लवकर या." मला खुर्चीत बसवून, पाय फळीवर धरून, दुसऱ्या मजल्यावरून खाली आणलं.

लाल की काळं

त्याच हॉस्पिटलात, तेच डॉक्टर. ते रागावतील म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी अंगठा वर उचलून बघितला, पोटरी दाबली आणि विचारलं, "पट्टी किती वाजता सुटली?"

"सव्वातीन," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी कागदावर सर्वात आधी ती वेळ लिहिली. मग म्हणाले, "पायाचे स्नायू आत कप्प्यांमध्ये असतात. सुजेने त्या कप्प्यांत दाब वाढलाय, रक्त आत जात नाहीये. दोन्ही बाजूंनी कापून ते मोकळे करावे लागतील. आत्ता."

"पाय राहील ना?" आईने विचारलं.

"उघडल्यावर सांगतो."

यावेळी सही करताना मी फॉर्म वाचला नाही.

सही घेणाऱ्या सिस्टरने विचारलं, "वैद्याकडे कोणी नेलं होतं?" आबा पुढे झाले. "मी नेला. पोराचा काय दोष नाय." मी स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलो होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा पायाला बाहेरून सळ्या लावलेल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना मोठ्या उघड्या जखमा होत्या, त्यावर जाड ड्रेसिंग. पाय आहे हे कळायला मी चादर वर केली. बोटं दिसली. त्यांच्याकडे मी इतका वेळ बघत राहिलो की सिस्टर म्हणाली, "मोजून झाली का?"

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात भीतीचे. दर दोन दिवसांनी मला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचे, जखम उघडून बघायचे. आतला स्नायू लाल असेल तर जिवंत. काळा असेल तर तेवढा काढून टाकायचा. काळं जास्त निघालं तर पाय. डॉक्टरांनी हे मला सरळ सांगितलं होतं, आणि मीच तसं सांगा म्हणालो होतो. सकाळी पॅसेजमध्ये ट्रॉलीची चाकं वाजली की मी चादर तोंडावर ओढून घ्यायचो. ट्रॉली शेजारच्या माणसासाठी असली तरी.

पहिल्या वेळी एका जागी काळपट निघालं. तेवढं काढलं. दुसऱ्या वेळी मी थिएटरच्या दारातच विचारायला लागलो, "लाल की काळं?" भूल देणारे डॉक्टर हसून म्हणाले, "अहो, अजून आत तर जाऊ द्या."

तिसऱ्या वेळी बाहेर आल्यावर आमचे डॉक्टर स्वतः ट्रॉलीबरोबर चालत आले. "सगळं लाल आहे," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला आणि सोडेना. त्यांना दुसरा पेशंट होता, तरी ते थांबले.

याच काळात वॉर्डातल्या एक मावशी मला दोन वेळा पुसायच्या, बेडपॅन द्यायच्या. पहिल्या दिवशी मी लाजून अंग चोरलं, तर म्हणाल्या, "लाजू नको रे बाबा, मला काय नवीन नाही." त्या भांडं घेऊन जायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करायचो. रोज. त्यांना वाटायचं मला लाज वाटते. वाटत होतीच, पण त्यांना वाटायची ती नव्हे.

कॉरिडॉर

जखमा भरायला मांडीची कातडी काढून लावली. मग प्लेट बसवली. ज्या ऑपरेशनला घाबरून मी पळालो होतो, ते शेवटी सहावं ऑपरेशन म्हणून झालं.

भेटायला नातेवाईक येत. आबा त्यांना कॉरिडॉरमध्ये सांगत, "पाच दिवस ऱ्हायली असती पट्टी, तर ही येळच नसती आली. सून मधी पडली." डॉक्टरांनी त्यांना दोनदा समजावलं होतं. तरी ते हेच सांगत. माझ्या अंथरुणापर्यंत त्यांचा आवाज यायचा. एका संध्याकाळी ते हे सांगत असताना वहिनी थर्मास घेऊन त्यांच्या मागेच उभ्या होत्या. थर्मास माझ्या टेबलावर ठेवला, माझ्या पायाची बोटं बघितली आणि गेल्या.

त्यानंतर त्या दुपारी यायच्या, कोणी नसताना. बोटं बघायच्या, नख दाबायच्या, दोन मिनिटं बसायच्या. मी घरी यायच्या आधीच दादा आणि वहिनींनी विठ्ठलवाडीला खोली घेतली. दादा बस डेपोत मेकॅनिक आहे. डेपो जवळ पडतो, असं कारण सांगितलं. सगळ्यांनी ते खरं मानलं, म्हणजे तसं दाखवलं.

मी एका वाक्यात हे थांबवू शकत होतो. "वैद्यांकडे जाऊ असं मी म्हणालो," एवढंच वाक्य. मी ते बोललो नाही. आबाच मला उचलून संडासला नेत होते, आईला रात्रंदिवस झोप नव्हती, घरात अजून वाद नको, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण एकच. शिकलेला मुलगा घाबरून पळाला, हे कोणाला कळू नये.

उशी

घरी आल्यावर आणखी एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे, कारण ती घरोघर होत असेल. गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटायचं. म्हणून आई गुडघ्याखाली मऊ उशी द्यायची. तीन आठवडे मी त्या उशीवर पाय ठेवून पडून होतो. फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या आणि बघताच म्हणाल्या, "ही उशी कोणी दिली?"

"आईने."

"आई, उशी टाचेखाली द्यायची. गुडघ्याखाली दिली की गुडघा असाच वाकडा राहतो."

आईने ती उशी अशी उचलली, जणू तिने मला विष दिलं होतं. मॅडम तिला म्हणाल्या, "सगळ्याच आया देतात हो."

गुडघा आता ना सरळ होत होता, ना वाकत होता. मॅडम माझी पोटरी धरून हळूहळू वाकवायच्या आणि मी पलंगाची कड धरून बसायचो. मला वाटायचं आता प्लेट निखळणार, आता कातडी फाटणार. "श्वास सोडा," त्या म्हणायच्या. "हाड प्लेटने धरलंय. तुम्ही कशाला धरताय?" रोज थोडं वाकायचं, सकाळी पुन्हा अडलेलं असायचं. साडेतीन महिन्यांनी डॉक्टरांनी पाय टेकायला सांगितलं. वॉकर धरून मी उभा राहिलो आणि उजवा पाय जमिनीला लावायला मला पंधरा मिनिटं लागली. कोणी पाय धरला नव्हता. मीच खाली टेकवत नव्हतो.

नव्याने मोडलेल्या माणसाला माझं एवढंच सांगणं आहे. पट्टी किंवा प्लास्टर बांधल्यावर दुखणं वाढतच गेलं, औषधाने थांबेना, बोटं बधिर झाली, बोट वर केल्यावर जीव जातोसं वाटलं, तर कोणी कितीही दिवस सांगितलेले असोत, थांबू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. आणि घरात कोणी पायाशी येऊन उभं राहिलं, तर त्याचं ऐका.

आता मी कामावर जातो. सहा महिन्यांच्या तपासणीला डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि म्हणाले, "तुमच्या त्या वहिनींनी आणखी तीन-चार तास वाट बघितली असती, तर आपण आज वेगळ्या खोलीत बसलो असतो." कृत्रिम पायांची खोली त्याच मजल्यावर आहे. मी तिच्या दारावरूनच आत आलो होतो.

त्यानंतर एका महिन्याने मी वहिनींना पत्र लिहिलं. फोनवर मी हा विषय काढला की त्या "जाऊ द्या हो भाऊजी" म्हणून दादाकडे फोन देतात. पत्र मध्येच कोणाकडे देता येत नाही. ते छापायला त्यांनी हरकत घेतली नाही. एक ओळ गाळायला सांगितली, ती गाळली आहे.

पत्र

शिरगाव, बुधवार

सौ. मनीषा वहिनींस,

भूषणचा नमस्कार.

आधी पायाचं सांगतो, कारण तुम्ही तेच आधी विचाराल. परवा कठडा न धरता दोन जिने चढलो. दोन बोटं अजून बधिर आहेत, तशीच राहतील म्हणतात. मांडी घालता येत नाही. नख दाबलं की लगेच गुलाबी होतं. मी रोज बघतो.

आता दुसरं. रविवारी गावाला चुलत बहिणीची हळद होती. तुम्ही आला नाहीत. मांडवात आत्या म्हणाली, "मोठी सून नाय आली? बरं झालं, कात्री घेऊन आली असती." सगळे हसले. मी माझ्या खुर्चीवरून उठलो. मला उठायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळे गप्प झाले. मी सांगितलं, वैद्यांकडे जाऊ असं मी म्हणालो. सही मी केली. डॉक्टर काय सांगत होते ते मला कळलं होतं आणि तरी मी घाबरून गेलो. वहिनींनी पट्टी कापली नसती तर मी आज इथे एका पायाने आलो असतो. हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. आबा "गप बस" म्हणाले. मी गप्प बसलो नाही. आबा न जेवता मांडवातून निघून गेले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी चहा पिताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला झाकायला गेलो, नि तिला उघड्यावर टाकली." मग कप घेऊन मोरीत गेले आणि स्वतःच विसळत बसले. आईला त्यांनी कप घेऊ दिला नाही.

त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो, ते मी विसरलेलो नाही. तुम्ही विसरलात असं म्हणाल, पण मला खरं वाटणार नाही. हॉस्पिटलात चोवीस दिवस परक्या बायकांनी माझं सगळं केलं, एकीनेही तोंड वाकडं केलं नाही. मी तुमची माफी मागतो. तोंडाने मागायला गेलो तर तुम्ही मला बोलू देणार नाही, म्हणून लिहून मागतो.

येत्या रविवारी आबा विठ्ठलवाडीला येणार आहेत. मला बरोबर येऊ नकोस म्हणाले. कोणती रिक्षा करायची ते विचारून ठेवलंय. वहिनी, ते माफी मागणार नाहीत. त्यांना ती येत नाही. ते दादाच्या ड्यूटीचं विचारतील, तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं ते विचारतील, खिडकीची कडी हलवून बघतील. बहुतेक त्यातच ते बोलत असतील.

तुम्ही त्यांना आत घ्या, असं मी सांगणार नाही. त्यांनी सात महिने चारचौघांत तुमच्यावर जे ढकललं ते दारात येऊन उभं राहिल्याने फिटत नाही, आणि माझ्या गप्प बसण्याने त्यात भरच पडली. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही उघडलंत, तर ते घरी येतील तेव्हा त्यांना जेवायला मी वाढीन, आणि तुमचं बरोबर होतं असं मीच त्यांना सांगेन.

आपला,
भूषण